वाचक विचारतात : तेच विमान सोलोला (एकट्याने उडवताना) हलकं आणि तिघांना जड का वाटतं?

गेल्या अंकात छोट्या विमानांवर लिहिलं आणि तेव्हापासून प्रश्न येतायत, बहुतेक नाशिक आणि आसपासचेच. ते साहजिक आहे, आपल्याकडे ओझरला एचएएलचा कारखाना, गांधीनगरला आर्मीच्या पायलटांचं ट्रेनिंग, त्यामुळे डोक्यावर कायम काही ना काही उडत असतं. पाच प्रश्न निवडलेत कारण पाचही फिरून एकाच गोष्टीवर येतात, विंग लोडिंग.

प्रश्न : सर, मी सिडकोत राहतो, सध्या बाहेरगावी सेसना १७२ वर ट्रेनिंग चालू आहे. विंग लोडिंग म्हणजे विमानाचं वजन भागिले पंखाचं क्षेत्रफळ, हे पेपरसाठी पाठ आहे. पण परवा सोलो झाल्यावर लगेच इन्स्ट्रक्टर आणि मागे अजून एक मुलगा असे तिघं गेलो, टाकी फुल, तर विमान रनवे सोडायलाच तयार नाही. आणि सोलोला उलटं, उतरताना टेकतच नव्हतं, तरंगत पुढे गेलं. पंख तर तेच आहेत, मग एवढा फरक कसा? (विद्यार्थी, सिडको)

उत्तर : पंख तेच आहेत पण विंग लोडिंग तेच नव्हतं रे, तिथेच सगळी गोम आहे. पुस्तकात तो आकडा विमानाच्या नावापुढे छापलेला असतो म्हणून आपल्याला वाटतं की तो विमानाचा ठरलेला गुण आहे, रंगासारखा. तसं नाही. कंपनी फक्त पंखाचं क्षेत्रफळ ठरवते, १७२ चं ते साधारण १६.२ चौरस मीटर. वरचं वजन दर फ्लाइटला तू ठरवतोस.

आता हिशोब मांडू. सोलोला अर्धी टाकी धरली तर विमान, तू आणि पेट्रोल मिळून ९०० किलोच्या आसपास, म्हणजे पंखाच्या प्रत्येक चौरस मीटरवर ५५ किलो. तिघं, फुल टाकी आणि थोड्या बॅगा म्हणजे ११५० किलोपर्यंत जातं, म्हणजे चौरस मीटरला ७१ किलो. एवढं वजन उचलायचं तर त्याच पंखाला जास्त वेग लागणार, कारण लिफ्ट (पंखाची वर उचलणारी ताकद) वेगाच्या वर्गाने वाढते. म्हणून वजन २८ टक्के वाढलं तर स्टॉल स्पीड (ज्याच्या खाली पंख विमान पेलू शकत नाही तो वेग) २८ टक्के नाही, वर्गमूळाच्या हिशोबाने १३ टक्के वाढतो. १७२एस (१७२ चंच एक मॉडेल) चा फुल वजनाला फ्लॅप (पंखामागच्या खाली वळणाऱ्या झडपा) न लावता स्टॉल ४८ नॉटला (एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर), तोच सोलोला ४२ च्या आसपास. सहा नॉट ऐकायला काहीच नाही, पण रनवेवर तेच सहा नॉट महागात जातात. जड विमानाला सुटायला जास्त वेग लागतो आणि तो वेग गाठायला तेच इंजिन जास्त वजन ढकलतंय, म्हणून टेक-ऑफचा रोल साधारण वजनाच्या वर्गाने वाढतो. इथे तो दीडपटीच्याही वर गेला. तुला जे जाणवलं ते बरोबर जाणवलं.

उतरतानाचं याच्या उलट. तिघांना बरोबर असलेला ॲप्रोच स्पीड (उतरायला येतानाचा वेग) तू सोलोलाही धरलास तर हलक्या विमानासाठी तो जास्तीचा वेग झाला. फ्लेअरला (टेकण्याआधी नाक उचलतात तिथे) आल्यावर हा जास्तीचा वेग जिरल्याशिवाय चाकं टेकत नाहीत आणि जमिनीलगत ड्रॅग (हवेचा अडथळा) कमी झालेला असतो, मग ते तरंगत रनवे खात जातं. अशा वेळी खाली दाबायचा मोह होतो, ते अजिबात करू नकोस, नाकाचं चाक आधी आपटतं आणि तिथून पुढे उड्या सुरू होतात. कुठल्या वजनाला किती वेग धरायचा हे तुझ्या विमानाच्या हँडबुकातून आणि इन्स्ट्रक्टरकडूनच ठरवून घे, माझ्या आकड्यांवर उडू नकोस, ते फक्त समजण्यासाठी आहेत.

वळणाचंही सांगतो कारण अपघात तिथे होतात. एकाच वेगाला एकाच बँकवर (वळताना विमान कलतं त्या कोनावर) हलकं विमान आणि जड विमान सारख्याच गोलात वळतं, वजनाने त्रिज्या बदलत नाही. बदलते ती स्टॉलपासूनची शिल्लक. ४५ अंश बँकला स्टॉल स्पीड १९ टक्के वाढतो, म्हणजे सोलोला ४२ चा ५० आणि फुल वजनाला ४८ चा ५७. आता फायनलला, म्हणजे रनवेच्या सरळ रेषेत यायला, वळताना रनवे मागे जातोय असं वाटून बँक वाढवलीस, हातात ६५ नॉट आहेत, तर एका दिवशी १५ नॉट शिल्लक आणि दुसऱ्या दिवशी ८. सोलोला जे निभावलं ते तिघांना निभावेलच असं धरून चालू नकोस.

त्यात नाशिकसारख्या ठिकाणची उंची आणि उन्हाळा धर. आपण समुद्रसपाटीपासून जवळपास ६०० मीटरवर, मे महिन्यात दुपारी ४० अंश असलं की हवा इतकी विरळ होते की विमानाला ते ५००० फुटांच्या वरचं विमानतळ वाटतं. एअरस्पीड इंडिकेटरवर स्टॉल तोच दिसेल पण जमिनीवरून खरा वेग ८ टक्के जास्त असेल, आणि टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद तेव्हाच कमी झालेली असते. विंग लोडिंगचं गणित कागदावर तेच राहतं, रनवे मात्र आखडल्यासारखा वाटतो. म्हणून तिघांनी, फुल टाकी, दुपारी दोनला जायचं की सकाळी सातला, हा प्रश्न खरंच विचारण्यासारखा आहे.

आणि एक कळकळीचं सांगणं, लोडशीटवर (माणसं, पेट्रोल, सामान यांच्या वजनाच्या तक्त्यावर) खरं वजन लिही. मी ग्राउंड क्लासला मुलांच्या जुन्या शीट आणायला लावतो तर प्रत्येकापुढे ७० लिहिलेलं असतं, जो समोर बसलाय तो दिसतोय चांगला ९० चा, बॅगेत पुस्तकं, हेडसेट, पाण्याच्या बाटल्या, आणि बॅगेच्या रकान्यात शून्य. काट्यावर उभं राहायला अर्धा मिनिट लागतो. वरचं सगळं गणित त्या एका आकड्यावर उभं आहे.

प्रश्न : माझी मुलगी यंदा पायलट ट्रेनिंगला गेली. ती फोनवर सांगते की दुपारी विमान फार हलतं, पोटात ढवळतं. आम्ही ओझरहून मोठ्या विमानाने गेलो तेव्हा असं काहीच जाणवलं नाही. छोटी विमानं एवढी हलतात म्हणजे ती कमजोर असतात का? जीव टांगणीला लागतो हो. (एक आई, इंदिरानगर)

उत्तर : ताई, काळजी वाटणं अगदी समजू शकतो, पण हलणं आणि कमजोर असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खालून वर येणारा हवेचा झोत पंखाला अचानक जास्त लिफ्ट देतो. ती जास्तीची लिफ्ट किती वजनाला ढकलते त्यावर धक्का किती लागेल ते ठरतं. मोठ्या प्रवासी विमानाचं, समजा एअरबस ए३२० चं, पंखाच्या चौरस मीटरवर ६०० किलोच्या वर वजन असतं, मुलीच्या विमानाचं ५० ते ७०. तोच झोत, पण इथे ढकलायला वजनच कमी, म्हणून विमान उचललं जातं. आणि प्रवासी विमान दुपारच्या गरम हवेच्या थरातून काही मिनिटांत वर निघून जातं, मुलीला तास दीड तास त्याच थरात घालवायचा असतो. एप्रिल-मे मध्ये तापलेल्या काळ्या जमिनीवरून आणि डोंगरांच्या उतारावरून हवा जोरात वर उठते, म्हणून फ्लाइंग स्कूलवाले सकाळी लवकरच्या सॉर्टी (उड्डाणं) पसंत करतात. जमलं तर तिला सकाळचा स्लॉट मागायला सांगा.

ताकदीचं म्हणाल तर या वर्गातली ट्रेनर विमानं नॉर्मल कॅटेगरीत ३.८ जी सहन करतील अशीच बनवतात, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ चौपट भार, आणि त्याच्यावर पुन्हा दीडपटीची सुरक्षितता ठेवलेली असते. दुपारच्या नेहमीच्या धक्क्यांत याच्या जवळपासही जात नाही.

यात एक गोष्ट मुलीने मात्र नीट समजून घ्यायला हवी, तिला हा भाग वाचायला द्या. हवा खवळलेली असली की विमान मॅन्युव्हरिंग स्पीडच्या (ज्याच्या आत पंख जी मर्यादा ओलांडण्याआधीच स्टॉल होतात त्या वेगाच्या) खाली आणायचं असतं, आणि हा स्पीड वजनाप्रमाणे बदलतो, तोही आपल्याला वाटतं त्याच्या उलट दिशेने. १७२एस मध्ये फुल वजनाला तो १०५ नॉट, आणि विमान हलकं असेल तर ९० नॉटपर्यंत खाली येतो. सगळ्यांना वाटतं हलकं विमान म्हणजे जास्त वेगाने नेलं तरी चालेल, पण हलक्या विमानाचा स्टॉल कमी वेगाला होतो, त्यामुळे मोठा झोत आला की पंख स्टॉल होऊन भार सोडून देण्याआधीच जी मर्यादेच्या पुढे जाऊ शकतो. पंख टिकतील हो, पण इंजिन ज्या माउंटवर लटकलेलं असतं, मागे सामान ज्या पट्ट्यांनी बांधलेलं असतं, त्यांचं वजन काही कमी झालेलं नसतं, त्यांच्यावर पूर्ण धक्का येतो. म्हणून सोलोला, कमी पेट्रोलवर, उन्हाच्या दुपारी, वेग आणखी कमी ठेवायचा. एवढं तिला पक्कं कळलं असेल तर तुम्ही निर्धास्त झोपा.

पोटात ढवळण्याला उपाय साधा आहे, उपाशी जाऊ नये, फार खाऊनही जाऊ नये, नजर लांब क्षितिजावर ठेवावी. बहुतेकांची काही दिवसांत सवय होते.

प्रश्न : इंजिन बंद पडलं तर जड विमान हलक्या विमानापेक्षा लवकर खाली येतं ना? मग चौघं बसवून जाणं म्हणजे धोकाच. (निवृत्त बँक अधिकारी, गंगापूर रोड)

उत्तर : लवकर येतं हे खरं, पण जवळ पडतं हे खरं नाही, आणि या एका गोष्टीवर भले भले पायलटही अडतात. इंजिन बंद असताना विमान किती लांब जाईल हे लिफ्ट आणि ड्रॅगच्या गुणोत्तरावर असतं आणि ते वजनाने बदलत नाही. १७२ साठी ते साधारण ९ ला १ आहे, म्हणजे ३००० फुटांवरून वारा नसेल तर ८ किलोमीटर, एकटे असा की चौघं. फरक एवढाच की तेवढंच अंतर जड विमान जास्त वेगाने कापतं. फुल वजनाला त्याचा बेस्ट ग्लाइड (सगळ्यात लांब नेणारा वेग) ६८ नॉट, सोलोला तो ६० च्या आसपास येतो. हलकं विमान ६८ ने नेलं किंवा जड विमान ६० ने, तर दोन्ही वेळा अंतर बुडतं. समोरून वारा असेल तर जड विमान उलट थोडं पुढे जातं, कारण ते वाऱ्यात कमी वेळ राहतं. ग्लायडरवाले (बिनइंजिनाची विमानं उडवणारे) तर स्पर्धेत पंखांत मुद्दाम पाणी भरून विंग लोडिंग वाढवतात, चांगले थर्मल (वर उठणारे गरम हवेचे झोत) असले की एकातून दुसऱ्यात वेगाने जाता येतं, आणि थर्मल कमजोर झाले की किंवा उतरायच्या आधी ते पाणी हवेतच सोडून देतात.

तुमची काळजी मात्र दुसऱ्या बाजूने बरोबर आहे. शेतात उतरायची वेळ आली तर जड विमान जास्त वेगाने टेकतं आणि वजनही जास्त असतं, म्हणजे वरचे ९०० आणि ११५० किलो धरले तर जिरवायची ऊर्जा जवळपास १.६ पट. एवढ्या ऊर्जेला छोटं वावर पुरत नाही, म्हणून जड विमानात जागा निवडताना जास्त मोठी बघावी लागते. कमी वेळात हे ठरवायचं असतं म्हणून आधीच ठरवून ठेवलेलं बरं.

प्रश्न : मी आठवीत आहे. आमच्या घरावरून सुखोई जातात. एवढं मोठं विमान आणि त्यामानाने पंख छोटे, मग ते उडतं कसं? आणि सगळ्याच विमानांना मोठे पंख का देत नाहीत, म्हणजे सगळी हळू आणि सेफ उतरतील. (ओझर)

उत्तर : शाब्बास, दुसरा प्रश्न तर इंजिनिअरिंगच्या मुलांना विचारावा असा आहे. सुखोई-३० एमकेआयचे पंख ६२ चौरस मीटर आणि नेहमीच्या भाराचं वजन २६००० किलोच्या आसपास, म्हणजे चौरस मीटरला ४२० किलो. सेसनाच्या सहापट. ते उडतं कारण त्याच्याकडे तेवढा वेग गाठायला दोन दणकट इंजिनं आहेत. ओझरचा कारखाना १९६४ साली ज्या मिग-२१ साठी उभा राहिला त्याचे पंख तर फक्त २३ चौरस मीटरचे होते, उतरताना त्याचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या घरात असायचा आणि मागे पॅराशूट उघडून थांबवावं लागायचं. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये ती सगळी हवाई दलातून निवृत्त झाली.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर थंडीत आईबाबांना नांदूर मध्यमेश्वरला घेऊन जा. तिथे पाण्यावर काळे, पांढऱ्या कपाळाचे पक्षी दिसतील, त्यांना वारकरी किंवा चांदवा म्हणतात. त्यांचं अंग गुबगुबीत आणि पंख लहान. उडायचं असलं की तो जागेवरून उठूच शकत नाही, पाण्यावर पाय आपटत, पंख फडफडवत लांबवर पळत जातो, मागे पाण्याच्या शिंतोड्यांची रेघ उठते, आणि मग कुठे वर येतो. तेवढ्यात तिथल्याच विजेच्या खांबावरची घार बघ, पंख उघडते आणि निघते, पळणं नाही काही नाही. अंगाच्या मानाने तिचे पंख केवढे मोठे. वारकऱ्याला रनवे लागतो, घारीला लागत नाही.

मग सगळ्यांना घारीसारखे पंख का नाहीत? कारण मोठा पंख वेगात गेल्यावर ओझं होतो, त्याचा सगळा पृष्ठभाग हवेत घासतो. पायपर कब नावाचं जुनं विमान आहे, चौरस मीटरला फक्त ३३ किलो, ३३ नॉटला स्टॉल, पण धावून धावून ६५ नॉट. सिरस एसआर२२ हे सुद्धा एकाच इंजिनाचं छोटं विमान, पण चौरस मीटरला १२० किलो, ते १८० नॉटने जातं आणि स्टॉल होतं ६० नॉटच्या आसपास. एक इंजिन असलेल्या विमानाचा स्टॉल ६१ नॉटच्या वर नको असा अमेरिकेत बरीच वर्षं नियम होता, सिरस बरोबर त्याच्या अलीकडे बसवलंय, आणि वरून अख्ख्या विमानाला पुरेल असं पॅराशूट दिलंय. कबला एवढं काही लागत नाही, पण जोराचा वारा सुटला की ते जमिनीवर उभं असतानाही बांधून ठेवावं लागतं, नाहीतर पंख उचलला जातो. तेव्हा कोणाला काय हवंय ते बघून पंख ठरतो. मला विचारशील तर शिकण्यासाठी कमी विंग लोडिंगचंच विमान चांगलं, चूक झाली तर ती हळू घडते आणि सुधारायला वेळ मिळतो.

प्रश्न : मी आरसी (रिमोटवर उडणारी) विमानं बनवतो. फोमचा ट्रेनर आहे, पंख १६० सेंटीमीटर लांब, २० सेंटीमीटर रुंद, वजन १३०० ग्रॅम, २२०० एमएएच क्षमतेची बॅटरी. जास्त वेळ उडावं म्हणून ५००० ची टाकायची आहे, ती २०० ग्रॅमने जड आहे. टाकू का? (मखमलाबाद)

उत्तर : तुमचा पंख ३२ चौरस डेसिमीटर. आत्ता डेसिमीटरला ४० ग्रॅम पडतात, नव्या बॅटरीने ४७ होतील. ट्रेनरला हे अजून चालण्यासारखं आहे, स्टॉलचा वेग ७ टक्के वाढेल, हाताने फेकताना जोर जास्त लागेल आणि उतरताना थोडी लांब जागा. पण वेळ बॅटरीच्या पटीत वाढेल असं समजू नका. बॅटरी २.२७ पट झाली तरी जड विमान हवेत धरायला पॉवर वजनापेक्षा वेगाने वाढते, इथे २४ टक्के, म्हणून वेळ १.८ पटीच्या आसपास मिळेल. तरी फायदाच आहे.

खरी गडबड सेंटर ऑफ ग्रॅव्हिटीची (विमान ज्या बिंदूवर तोललं जातं त्याची) होईल. मोठी बॅटरी नाकात कोंबली की नाक जड, आणि जागा नाही म्हणून मागे सरकवली की शेपूट जड, आणि शेपूट जड विमान पहिल्याच फेकीत जातं. पंखाच्या पुढच्या कडेपासून पाव ते एक तृतीयांश रुंदीवर, म्हणजे तुमच्याकडे ५ ते साडेसहा सेंटीमीटरवर, दोन बोटांवर तोलून बघा, तिथे सरळ राहिलं तरच फेका. आणि पहिली उड्डाणं मऊ गवतावर करा, भर उन्हात नको. आपल्याकडे देवळाली, गांधीनगर, ओझर हा सगळा लष्करी आणि विमानतळाचा पट्टा आहे, तेव्हा मैदान निवडायच्या आधी सरकारी ड्रोन नकाशात तुमचा भाग कुठल्या रंगात येतो ते बघून घ्या, लाल असेल तर तिथे उडवायचंच नाही.

अजून एक तुम्ही चिठ्ठीत खाली विचारलंय की सेसनाला चौरस मीटरला ७१ किलो चालतात आणि माझ्या मॉडेलला ५ किलोही (म्हणजे चौरस डेसिमीटरला ५० ग्रॅम) जड का. आकार अर्धा केला की क्षेत्रफळ चौथा भाग होतं पण वजन आठवा भाग, म्हणून छोट्या विमानाचं विंग लोडिंग आपोआपच कमी असायला हवं. पूर्ण आकाराच्या विमानाचा आकडा मॉडेलला लावायचाच नाही, तुमच्याच लांबीच्या दुसऱ्या मॉडेलशी तुलना करा.